रनिंग फूट

बडगुजर सरांनी अर्जात लिहिलं होतं,
संग्रह दरवर्षी एकतीस रनिंग फुटांनी वाढतो.
ऑफिसातून शेरा आला :
कागद वाढतो कसा? खुलासा करावा.

खुलासा असा,
की धरणगावात कुणी दुकान मोडलं, घर बदललं,
कुणी गेलं,
की तेरावं उरकल्यावर कॉलेजच्या पायरीवर
एक गोणी येऊन बसते,
तोंड सुतळीनं शिवलेलं.
पावती कुणी मागत नाही.
जिनिंगच्या काटा-वह्या, झटकल्या की अजून सरकी पडते.
हसीनाबींनी आणून दिलेली नवऱ्याच्या बँडची नोटबुकं,
कुठली वरात, किती बिदागी,
कोणती धून कुणाच्या दारात वाजवायची नाही, तेही.
शिरपूरकडच्या एका मास्तरांनी जमवलेले पावरी शब्द,
चिठ्ठ्यांवर, बिस्किटांच्या डब्यात.
झाकण काढलं की आधी बिस्किटांचाच वास येतो,
मग शब्द.

कपाटं भरली. मग कपाटांवर. मग कपाटांखाली.
मग मी माझी खुर्ची व्हरांड्यात काढली.

मंजुरी आली ती मे महिन्यात,
सावलीतसुद्धा पारा चव्वेचाळीसवर असताना.
जिमखान्याची खोली मिळाली.
मल्लखांब काढला तिथं कमरेएवढा खड्डा निघाला,
पहिली पाटी त्यात गेली.

मिस्त्रीचं नाव उखर्डू.
आधीची दोन जगली नाहीत
म्हणून उकिरड्यावर ठेवून उचलून आणलेलं पोर.
मी विचारलं नव्हतं.
त्यानंच सांगितलं थापी धुता धुता,
एकास सहा माल कालवायचा, त्या आवाजात.

भिंतीतून वाळवीची नस निघाली, मनगटाएवढी.
जळगावहून इश्तियाक वेल्डर आला,
अँगल बघून म्हणाला, कागदासाठी एवढं लोखंड?
त्याला एक गठ्ठा उचलायला दिला.
कागद हलका असतो
हे ज्यानं तो कधी वाहिला नाही त्याचं मत.
दुसऱ्या दिवशी तो जाड अँगल घेऊन आला,
पैसे तेवढेच लावले.

गठ्ठे हलवायला पोरांची रांग केली,
हातातून हातात, जुन्या खोलीतून नव्या खोलीत,
रांगेत एक जागा रिकामी होती, तिथं उखर्डू उभा राहिला.
अठ्ठ्याऐंशी सालचं हजेरीपुस्तक त्याच्या हातातून पुढं गेलं नाही.
मागची पोरं ओरडली.
एफ.वाय. आर्ट्स, रोल नंबर सत्तेचाळीस,
ऑगस्टपर्यंत हजर, हजर, हजर,
मग तांबड्या शाईची रेघ,
शेरा : फी बाकी. नाव कमी केले.

त्यानं बोट लावलं नाही, बोटाला चुना होता.
म्हणाला, नाव बरोबर लिखेल शे.

मी म्हटलं, झेरॉक्स काढून देते.
लिसन काय करू? म्हणाला. आठेच र्‍हाऊ द्या.
आणि पुस्तक पुढच्या पोराकडं दिलं.

संध्याकाळी बघते तर
सगळ्यांत खालची फळी नकाशाहून चार इंच वर.
एवढं पाणी इथं चढत नाही, मी म्हटलं.
तो ओळंबा लावत होता, काही बोलला नाही.
त्या चार इंचांनी वर एक रांग कमी झाली,
बडगुजर सर माझ्यावर दोन दिवस चिडून होते.

आता खोली भरायला आठ वर्षं लागतील,
सर म्हणतात साडेसात.
पुढं काय, ते मी नवीन अर्जात लिहायला घेतलंय.

खिडकीत उखर्डूची मापांची वही राहिलीय,
पाठपोट पेन्सिलीनं भरलेली,
आमची खोली शेवटच्या तीन पानांत,
त्याआधी गावातले ओटे, हौद, दोन कबरी, एक शाळेची मुतारी.
विसरला असेल.
त्याचा नंबर माझ्याकडं आहे.

पाऊण इंच भरते.
अजून मी फोन केलेला नाही.