खवला

नवरात्र बसलं होतं. शुक्रवार, उतरती दुपार,
रेवदंड्याच्या बाजारात गिऱ्हाईक थोडं.
मीही विकत होते, खात नव्हते.
घटाला हे चालतं का, मी कधी विचारलेलं नाही.

हन्नाबाई अष्टमकर आल्या, काठी टेकत.
त्यांच्या आळीत शुक्रवारचा दिवा लावणारं आता एकच घर.
सुरमई उलटून म्हणाल्या, "हिला खवले कुठायत?"
चाळीस वर्षं नेताय की!
"नेत होते. परवा अश्दोदहून नातवाचा फोन आला,
तिकडे कोणी म्हणतात, चालत नाही.
पर हवेत आणि खवले हवेत. एक तरी."

झालं. बर्फ फोडणारा थांबला.
दाऊद मुकादम म्हणाले, कोलंबी मासा की किडा
यावरून आमचे दोन साडू वीस वर्षं बोलत नाहीत,
बायका मात्र एकाच पाटीतून कोलंबी नेतात.
कोर्लईचा पास्कोल शुक्रवारचा मासा न्यायला आलेला,
त्याला भलतंच सुचलं:
मासा म्हणजे मांस नाही, तर हे रक्त कसलं?
गुरुजी हसले. एवढं विश्व चालवणारा
माशाच्या शेपटीखाली बघत बसेल?
"तो कशाला बघतोय," हन्नाबाई म्हणाल्या,
"मला बघायला लावतो."
गुरुजींनी चष्मा काढला, पुसला,
आणि भिंग म्हणून पुढे केला.

चार डोकी एका माशावर.
कल्ल्यामागे, पराच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी
मी उलटं नख फिरवत गेले.
जाळ्यात तडफडताना गळले असतील, पास्कोल म्हणाला.
मग साक्षीला दर्यात कोण उतरणार, दाऊदभाई.

तेवढ्यात नखाला काही लागलं.
तांदळाच्या कणीहून लहान, आरपार दिसणारं.
हन्नाबाईंनी ते तळव्यावर घेतलं, उन्हात धरलं.
ओठ हलले. ती भाषा मला येत नाही.
अर्धी सुरमई घेतली, सुटे पैसे मोजून दिले
आणि निघाल्या, दिवेलागणीच्या आत पोचायचं म्हणून.

रात्री हात धुताना पाहिलं,
कोपरापर्यंत खवलेच खवले,
सकाळच्या बोयटांचे, तारल्यांचे,
वाळून बसलेले. नखांतसुद्धा.

घटापुढे बसले. सांगावं म्हटलं,
समईत तेल घातलं, वात सारली,
सांगितलं नाही.

येत्या शुक्रवारी मात्र
हात घासून धुऊन बसणार आहे.
मग बघू.