चुंबक

पारोळ्याच्या फाट्यावर
हिलालभाऊचं पंक्चरचं दुकान:
एक बाभूळ, एक घमेलं, हवेची टाकी.

सात दिवसांचं प्रवचन ऐकून परतत होतो,
वहीत 'निष्काम' तीनदा अधोरेखित,
मागचं चाक बसलेलं.

त्यानं ट्यूब पाण्यात दाबली
आणि बुडबुड्याची वाट पाहत राहिला.

बाभळीला सुतळीनं टांगलेलं
फुटक्या स्पीकरचं चुंबक,
त्याला खिळे, टाचण्या, बैलाच्या नालेचा तुकडा.

"सकायले फिरावस, शाळालगून.
पोरे सायकलवर येतस ना."

मग तुमचा धंदा?

"धंदा तर ऊनबी दी देस, भाऊ,"
म्हणत तो कानस घासू लागला.
पैसे मोजून घेतले, दोन रुपये परत दिले.

रात्री वही उघडली.
त्या शब्दाला
काहीच चिकटलेलं नव्हतं.