खुर्ची उठून पाहावी

विश्रामगृहाच्या मागे, उन्हात,
लिलावाच्या खुर्च्या.
बोरकुटे बाबूंच्या यादीत सगळ्यांना मिळून एकच ओळ :
लाकडी, जुन्या, अकरा नग.

पहिली लांब हातांची, पाय पसरून पडायची.
दौऱ्यावरच्या साहेबांनी पोटावर टोपी ठेवून
हिच्यात वाघाची वाट पाहिली असेल.
मला पडायचं असलं की खाट आहे.
दुसरी नळीची, कोपरात गंजलेली.
बसलं की चुगली केल्यासारखी वाजते.

आणि ही.
सागाची. पाय असे,
की कंपास उघडून कागदावर टेकवावा.
पाठ थोडी मागे गेलेली,
सांग, ऐकते आहे, म्हणणाऱ्या बाईसारखी.
वेलबुट्टी नाही, सिंहाचं तोंड नाही,
फक्त जिथं कोपर येतं
तिथं लाकूड तळहाताएवढं रुंद झालेलं.
मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात : व. वि. गृ. १७.

सतरा नंबरला मी ओळखते.
माझा बाप डोमाजी इथं खानसामा होता.
साहेब यायचे वर्षातून दोनदा,
उरलेल्या दुपारी सतरा नंबर माझी.
कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
नववीचा अख्खा भूगोल हिच्यात बसून पाठ केला
आणि मांड्यांवर वेताची जाळी घेऊन घरी गेले.
आई म्हणायची, "हे कायचं उमटलं वं पोरी?"

पण आठवणीवर खुर्ची घेऊ नये.
तेव्हा माझे गुडघे चौदा वर्षांचे होते.
दुकानदार म्हणतात बसून पाहा. बसता कोणालाही येतं.
खुर्ची उठून पाहावी.
बसले. मग रज्जाक भंगारवाला बघत असताना
तीन वेळा उठले.
पहिल्यांदा गुडघा बोलला.
दुसऱ्यांदा कुरकुरला.
तिसऱ्यांदा कोणाच्या हातांनी उचललं,
माझ्या की तिच्या, कळलं नाही.
"अठराशे," मी म्हटलं.
रज्जाकनं बोली सोडली, पानाची पिंक टाकली.

घरी हे म्हणाले, "एवढ्यात पिलाष्टिकच्या चार आल्या असत्या."
म्हटलं, "बसणारी एकच हाय."

विस्तारी बुरडानं भोकं मोजली. एकशे बेचाळीस, दोन बुजलेली.
"नायलॉन टाकू का बाई? बारा वर्सं पाहाले नोको."
"वेतच."
"मंग नागपूरवरून आणा लागन."
वेत आला, रात्रभर बादलीत भिजला.
घासलेलं लाकूड नाकाशी नेऊन तो म्हणाला,
"हा तं आपल्याच जंगलाचा साग हाय."
म्हणजे झाड इथलं, आणि चित्र कुठलं?
कुठल्या शहरात, कोणत्या टेबलावर
कोणी ओढल्या असतील या तिरप्या रेघा?
त्याला ना धान माहीत, ना बोडी.
कोपर मात्र माहीत होतं.

सहाव्या दिवशी शेवटची गाठ मारून
विस्तारी स्वतःच बसला,
दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, डोळे मिटून,
बिडी कानावर तशीच.
"पयले मीच बसलो. राग नोका मानू."
राग कायचा? मी तेवढ्यासाठीच थांबले होते.

सून म्हणाली, हॉलमध्ये ठेवू, टीव्हीजवळ,
आल्यागेल्याला दिसली पाहिजे.
मला खुर्ची दिसायला नको होती,
खुर्चीतून दिसायला हवं होतं.
सपरीत ठेवली, बोडीकडे तोंड करून.

नातवानं विचारलं, तो सतरा खरवडू का?
राहू दे म्हटलं.

बोडीच्या काठाला एक ढोकरी उभी आहे,
मघापासून, एकाच जागी,
उभं राहणं हेच जणू तिचं बसणं.
वेत अजून कोरा आहे, करकरतो.
मांडीमागे जाळी उमटली असेल,
आता पाहायला कोणी नाही.
आत गंजातलं दूध वर यायला लागलं, आवाजावरून कळतं.
उठते.
सहज उठते.