चमचे ठेवायला

माझगावात घेतली शेवटी, तिसऱ्या मजल्यावर,
तीनशे दहा चौरस फूट, त्यात मोरीचा कठडाही मोजलेला.
दलाल म्हणाला, भाड्याने दिलीत तर चांगलं येईल.
एझ्रा म्हणाला, आम्हाला नको चांगलं.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढंच.
दलालाने मान डोलावली,
जशी डोलावतात म्हाताऱ्यांच्या खरेदीला.

बावीस वर्षं आलो-गेलो.
भायखळ्याचं लॉज,
ग्रँट रोडची ती खोली, जिच्या खिडकीत दुसरी खिडकी होती,
बेंजीच्या मुलाकडे दोन हिवाळे,
तिसऱ्याला त्याच्या बायकोने टॉवेल मोजून दिले.
दर वेळी सगळं परत बॅगेत:
किसणी, नेलकटर, एझ्राची निळी लुंगी.
तेवीस किलोंत माणूस राहून राहून किती राहणार?
मला फार काही नको होतं.
चार चमचे इथे ठेवून जायचं होतं
आणि परत आल्यावर ते तिथेच हवे होते.

रजिस्ट्रारच्या कचेरीत यंत्र एझ्राचा अंगठा घेईना.
दिमोनाच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं सुतावरून फिरलेला अंगठा,
रेषा कुठल्या उरायला.
पुसा, म्हणाल्या क्लार्कबाई. पुसला.
ओला करा. केला.
पाचव्या वेळी यंत्र राजी झालं.
मग बाईंनी विचारलं, कायमचा पत्ता?
एझ्राने माझ्याकडे पाहिलं.
मी दिमोनाचा सांगितला, गल्ली, घर, पिनकोडसकट,
इतक्या सरळ मराठीत की बाईंनी चष्मा काढला.
मग तुम्ही मूळच्या इथल्या का?
प्रश्न तसा सोपा होता.
मागे रांग होती.

मेझुझा लावायला एझ्राने चौकटीचा रंग खरवडला.
उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर,
रंगाच्या चार थरांखाली
दोन भोकं. तिरकी.
बराच वेळ दोघंही गप्प.
मग तो म्हणाला, घंटीची असतील.
घंटी अशी तिरकी कोण लावतं?
मुंबईत काहीही लावतात, तो म्हणाला.
आमचे स्क्रू त्यांत बसले नाहीत.
बोटभर खाली नवी पाडली,
जुनी बुजवली नाहीत.

समोरच्या हमीदाबाई परकार.
त्यांच्या खुंटीवर आधीच पाच चाव्या:
दोन दोहाच्या, एक मेलबर्नची, दोन कोणाच्या त्या विसरल्या होत्या.
ह्या मजल्यावर कायमची मीच एक, त्या म्हणाल्या,
आणि माझंही पोरगं म्हणतंय, ये.
फ्रिजचं दार उघडं ठेवा, मध्ये फडकं घाला.
नळ आठवड्यातून एकदा मी सोडेन,
नाहीतर मोरी नाक वर काढू देत नाही.
पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, येताना खजूर आणा,
ओला, तो डब्यातला नको.

फेब्रुवारीच्या शेवटी पलंगावर चादर टाकली,
खुर्च्यांवर एझ्राची जुनी वर्तमानपत्रं.
वल्हांडणाला आई म्हणायची, अनाशी ढाकायचा सण.
कसलं मडकं, कशाला झाकायचं, मी कधी विचारलं नाही.
सण दीड महिना लांब होता,
तरी चादरीचं टोक खोचताना
तोंडात तेच दोन शब्द.
चमचे खणात उपडे ठेवले. पुन्हा उघडून पाहिले.
एझ्रा खालून हाका मारत होता, टॅक्सीचा मीटर सुरू होता.

मे महिन्यात इकडे वाळू उडत होती, दारं लावून बसलो होतो,
हमीदाबाईंचा फोन.
घोसाळकरबाई, तुमच्याच घरात उभी आहे.
नळ सोडते. ऐका.
आधी खोकला.
मग नुसती हवा.
मग थेंब, ते तांबूस असणार, पहिलं पाणी तांबूसच येतं,
मग धार, बादलीच्या बुडावर, मोठ्याने.
ये रे, म्हटलं एझ्राला, आणि फोन दोघांच्या कानांमध्ये धरला.
त्याने डोळे मिटले होते.
भरली, तो म्हणाला,
बादली भरली, सांग त्यांना बंद करायला.