कबुलीजबाब, एक पेनी

फाशी सोमवारी दुपारी.
तिचे अखेरचे शब्द मी शनिवारी रात्रीच जुळवले,
चरबीच्या मेणबत्तीखाली, एकेक खिळा उलटा धरून.
हेप्झिबा क्रोल, वय बावीस, मोलकरीण.
मालकाच्या लापशीत सोमल.
पुढे पश्चात्ताप, आठ कडवी.
ट्विडलसाहेब म्हणाले, रडू दे पोटभर,
पण दोन रकान्यांत मावेल इतकंच.
एका ओळीला यमक मिळेना,
म्हणून तिला एक भाऊ दिला.

चित्राचा ठोकळा जुनाच.
लटकलेला तो इसम आधी दरोडेखोर होता,
मग खोटी नाणी पाडणारा.
मी त्याची दाढी कोरून काढली,
पायांमधल्या फटीत चीप ठोकून घागरा केला.
टोपी राहिली. कुणी बघत नाही.

सोमवारी लिंकनच्या किल्ल्याखाली
इनॉक पास्क बेंबीच्या देठापासून ओरडत होता,
अखेरचे शब्द! एक पेनी!
कागद संपले, आणि मग बातमी आली:
फाशी रद्द. काळं पाणी.
लोक चिडले. पेनी कुणी परत मागितली नाही.

नवव्या दिवशी तुरुंगातल्या शिपायाची बायको दुकानात आली.
एक प्रत हवी होती, तिलाच, हेप्झिबाला.
वाचता येत नाही तिला. शिपायाने वाचून दाखवलं होतं, दोनदा.

काही म्हणाली का, मी विचारलं.

म्हणाली, सोमलाचं काय ते देवाला ठाऊक.
पण मला भाऊ नव्हता.
असू दे तो तिथंच, खोडू नका.
जहाजावर सोबत होईल.