उम्म कस्र, फलाट एक

गव्हाचं जहाज अकरा दिवस नांगरावर,
बाराव्या दिवशी धक्क्याला लागलं.
कप्तानाने चार तास दिले.
मी केस कापायला उतरलो,
न्हाव्याचं दुकान बंद, म्हणून स्टेशन बघितलं.

फलाट एकच, तरी पाटीवर लिहिलंय: फलाट एक.
दुसरा होणार होता. त्याच्या जागी
खजुराची झाडं तेवढी लावलीत,
दोन ओळींत, गाडीएवढं अंतर सोडून.

चाव्या सांभाळतो अबू सुबही.
त्याची हिंदी सिनेमातली, माझी अरबी क्रेनवाल्यांची,
मध्ये जे उरतं त्यात बोललो.
त्याने इतिहास सांगितला उभ्या उभ्या,
गाडी सुटायची वेळ झाल्यासारखा:
रूळ पहिल्यांदा लढाईने आणले,
लढाई संपल्यावर तिनेच उचलून नेले.
मग कितीतरी वर्षं नुसती वाळू.
मग पुन्हा रूळ. मग पुन्हा लढाई, मग पुन्हा, मग
इथे त्याने बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.
काचा चार वेळा बदलल्या, म्हणाला,
खिडकी तीच.

आतल्या भिंतीवर सोयींचा फळा,
निळ्यावर पांढरी अक्षरं, निम्मी पोपड्यांबरोबर गेलेली.
मला वाचता येत नाही.
तो काठीने एकेक ओळ दाखवत गेला.
मुसाफिर. हे कळलं.
साबून. हेही.
हम्माल.
म्हटलं, अहो, हा तर आमचा!
तो म्हणाला, नाही, आमचा.
हमालाला कुणी विचारलं नाही.
तसंही कोण विचारतं.

पाण्याची टाकी. बायकांसाठी पडद्याची खोली.
हरवलेल्या वस्तूंचं कपाट, त्यात
एक छत्री (या गावात, छत्री),
शिवणयंत्राचं चाक,
आणि कुणाचं तरी जुनं प्रगतिपुस्तक, गणितात नापास.
ते न्यायला कोण कशाला येईल!

शेवटची ओळ: बसऱ्याची गाडी, सकाळी सहा दहा.
"खलास," तो म्हणाला.
अर्थ विचारावा लागला नाही.
आणि मालगाडी?
"बाकी."
तीही नावालाच, माल आता ट्रक नेतात.
एक ट्रक सुबही चालवतो.
हे सांगताना त्याने कपाटाचं कुलूप
दोनदा ओढून पाहिलं.

फलाटाच्या टोकाला तारेने टांगलेला
हातभर रुळाचा तुकडा, शेजारी बोल्ट.
आमच्या गिर्याच्या शाळेत अस्साच होता.
रेल्वे पाहिलेलं माणूस वाडीत एखादंच,
रूळ मात्र होता. आला असेल
गलबतातून, नीरम म्हणून.
तिरलोटकर गुरुजी वाजवायचे:
तुटक ठोके म्हणजे तास,
लांबलचक घणघणाट म्हणजे सुट्टी.

तेवढ्यात बंदराकडून खडखडाट.
आमच्याच जहाजाचा गहू, सतरा वाघिणी,
इंजिनाला धाप लागलेली.
अबू सुबहीने टोपी चढवली, हिरवा झेंडा सोडवला.
फलाटावर मुसाफिर नाही, हमाल नाही, मी एकटा.
तरी ठोके द्यायचे. नियम आहे.
त्याने दिले. तुटक नाही.

चव्वेचाळीस वर्षांचा मी,
पाय आपोआप सुटले,
खजुराच्या दोन ओळींमधून,
न झालेल्या गाडीच्या वाटेवरून,
घर कुठल्या बाजूला ते न बघता.
मागून तो ओरडत होता,
अरे, जहाज तिकडे! तिकडे!