तपासणी, खडेबाजार, शहापूर

सकाळी साडेनऊला
कल्लाप्पा मुचंडीकरांच्या दुकानात
मी मीटरच्या खोलीत वाकून उभी.
आकडा लिहून घेतला.
कोळ्याचं जाळं लिहून घेतलं नाही,
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

तीन मजले साड्यांचे. चारशे बारा दिवे.
पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच,
दोन वर्षांपूर्वी बसवलेली,
कारण समोरच्यांनी बसवली.
दुपारचं ऊन काचेतून आत येऊन ठाण मांडतं,
त्याला हाकलायला नऊ एसी,
आणि एसीच्या बरोब्बर खाली गल्ल्यावरचा सिद्राय
स्वेटर घालून बिलं फाडतो.
डिसेंबरातसुद्धा चालू?
"डिसेंबरात दोन स्वेटर, ताई."

जुन्या दुकानाच्या कौलांत, मालक सांगत होते,
हाताएवढ्या दोन काचा होत्या.
वडील त्यांच्याखाली बसून सूत पारखायचे.
पंखा म्हणजे लग्नात भाड्यानं आणायची वस्तू,
बेळगावात कुणाला उकडायचं?
आता पाटीवरच सोळा दिवे, रात्रभर.
वर कानडी, खाली मराठी, टेप लावून मोजलेली.
"त्यातले निम्मे विझवा असं तेवढं लिहू नका,
आधी कुठली ओळ विझली म्हणून
भांडण व्हायचं की ओ."
मी हसले.
लिहिलं: पाटी, सोळा, रात्रभर.

चहा आला. कुंदा आला.
मागोमाग, आवाज उतरवून, वाक्य आलं:
"चार तारे बसतात का बघा की.
बँकेत दाखवायचंय."
वर्षाची युनिटं भागिले चौरस मीटर,
मी दोनदा करून पाहिलं.
कुंदा चांगला होता.
तारे दोनच.

तीनच्या सुमाराला
वडगावची एक म्हातारी दुसऱ्या मजल्यावरून उतरली,
छातीशी साडी, मागे विक्रीवरची मुलगी धावत.
एवढ्या दिव्यांखाली तिला रंग कळेना.
"बेळकु बेकु," म्हणाली, उजेड हवा,
आणि तडक बाहेर पायरीवर जाऊन
पदर धरला उन्हात,
त्याच उन्हात, ज्याच्यावर नऊ एसी सोडले होते.
आत आमसुली असलेली साडी
बाहेर जांभळी निघाली,
काठात सुताएवढं हिरवं, आतल्या कुणाला न दिसलेलं.
म्हातारीनं ते नखानं दाखवलं.
मागावर बसलेल्या बाईचं नख.

"रोज वीस-पंचवीस जणी अशाच बाहेर पळतात,"
मुलगी मालकांकडे न बघता म्हणाली.

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं:
ग्राहक रंग पाहण्यासाठी पायरीवर जातात.
तेथील वापर, शून्य युनिट.

मुचंडीकरांनी चष्मा लावून वाचलं.
परत वाचलं.
"शून्याला तारा नसतो काय?"

नसतो, म्हटलं,
आणि सहीसाठी सिद्रायकडून पेन मागून घेतलं.
त्याची बोटं लागली.
बर्फ.